चिंध्या भरलेलं चाक

माझ्या दिराला, महारुद्रला, मी जन्मात कधी चांगलं म्हणलं न्हाई. आता म्हणायलेय, तर गल्लीतल्या बाया एकमेकीच्या तोंडाकडं बघायल्यात. "बायनाबाईला ऊन लागलं का काय गं?" म्हणतेत. लागू द्या. उन्हानं का होईना, खरं तोंडातून निघालं तर बिघडलं कुठं? ज्याचं चांगलं त्याचं चांगलंच म्हणावं माणसानं.

आमचं गाव पिंगळीच्या अलीकडं, रुळाला लागून. माझे मालक लिंबाजी, नाव घेतलं, घेऊ द्या, आता काय लाजायचं वय राहिलंय का, तर ते पुण्याला एका बिल्डिंगीवर वॉचमन हायत. पोरगी अपेक्षा सासरी नांदायलीय. घरात मी एकटी. मालकाची फोनवर एकच रट, "रान महारुद्रला बटईनं, अर्ध्या वाट्यानं दे, घराला कुलूप लाव आन् पुण्याला ये." पुण्याला काय हाय? जिन्याखालची एक खोली. दिवाळीला जाऊन बघितली मी. दिवसभर भिंतीकडं बघत बसायचं, शेजारणीनं दार उघडायचं न्हाई. माझा तर जीव गुदमरला हो. हाताला माती लागली न्हाई तर मला भाकर गोड लागत न्हाई, त्याला मी तरी काय करू?

मग मी म्हणलं, "ह्या साली मी एकटी करून दाखवते. पोळ्याला तुमी येताव, तवा रान बघा. नीट दिसलं तर मी हितंच राहणार, पुन्हा पुण्याचं नाव काढायचं न्हाई. न्हाई दिसलं तर द्या महारुद्रला, मी बोचकं बांधते." मालकानं कबूल केलं. आन् ही बोली महारुद्रला बी म्हाईत होती. भाऊ-भाऊच ते, फोनवर सगळं बोलतेत. माझं रान बिघडलं की ते त्याच्या पदरात पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं रान माझ्या बांधाला लागूनच. आन् त्याच्याकडं बैलजोडी. आमची बी होती, मालक पुण्याला गेले तवा विकली. तवापासून मी त्याच्या बैलांवर दिवस काढले. न्हाई म्हणायचा न्हाई तो कधी. पण आधी त्याचं रान, मग त्याच्या सासऱ्याचं, मग साडूचं, आन् सगळ्यांचं उरकून बैलं दमली की मग माझं. तवर माझ्या कापसात गवत गुडघ्याला लागायचं. मी बांधावरून वरडायची. तो हसायचा, म्हणायचा, "वैनी, बैलाला बी जीव हाय." बैलाला हाय, आन् मला न्हाई का रे मुडद्या?

म्हणून ह्या साली मी सायकल कोळपं करून घेतलं. मालकाची जुनी सायकल गोठ्यात पडून होती. तिचं पुढचं चाक चिमट्यासकट काढलं, वेल्डिंगवाल्यानं त्याला मागं दोन दांड्या जोडल्या धरायला, आन् चाकाच्या मागं खाली लोखंडाची पास बसवली, म्हणजे गवत कापायचं पातं. कापसाच्या दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, बाईनं ढकलत जायचं, पुढं चाक पळतंय, मागं पास मातीत चालती, गवत मुळासकट निघतंय. ना बैल लागतो, ना दिराच्या मिनतवाऱ्या. पहिल्या दिवशी ते चालवलं आन् मला सांगू, मी रानात एकटीच मोठ्यानं हसले.

पण सुखाला काटा असतोच. माझ्या रानात सराटे उदंड, आन् बांधावर बाभळी. दर खेपेला टायर पंक्चर. चाक काढायचं, खांद्याला अडकवायचं, पिंगळीला स्टेशनाजवळ सटवाजीच्या दुकानात जायचं, पंक्चर काढून परत यायचं, तवर ऊन डोक्यावर. बेजार झाले. मग मी डोकं चालवलं. म्हणलं, हवाच नसली तर निघंल कशी? ट्यूब काढून फेकली, आन् टायरमध्ये चिंध्या ठासल्या. माझं हिरवं लुगडं होतं जुनं, ते फाडलं, पट्ट्या केल्या, आन् उलथन्याच्या दांड्यानं अशा ठासून भरल्या की टायर दगडावानी झाला. बाया बघायला आल्या. "बायनाबाईचं डोकं बघा!" म्हणल्या. मी बी फुगले.

पहिली कोळपणी झकास झाली. मग पाऊस लागून राहिला, रान चिखलाचं झालं. वाफसा आला, माती औत चालण्यापुरती सुकली, तशी मी दुसऱ्या कोळपणीला उतरले, आन् तिथून माझं दैव फिरलं.

औत नीट चालंना. मधीच गवत तसंच राहायचं, पुढं गेलं की पास एकदम खोल रुतायची. रुतली की कोळपं अडायचं. मी जोर लावला की ते उसळून बाजूला जायचं, आन् कचकन कापसाचं झाड तुटायचं. हातभर वाढलेलं झाड हो! लेकरावानी जपलेलं. मी तुटलेलं झाड हातात धरून तासात बसायची आन् स्वतःलाच शिव्या द्यायची. तूट पडली तिथं पुन्हा सरकी टोचायची. टोचलेली उगवायची, पण ती मागं ती मागंच.

चाकातच खोट असंल म्हणून ते घेऊन सटवाजीकडं गेले. सटवाजी हाडाचा कारागीर, खोटं बोलायचा न्हाई. त्यानं चाक उलटं टांगून फिरवलं, रिमच्या जवळ खडू धरला. म्हणला, "बाई, जरासा आऊट हाय." म्हणजे चाक फिरताना डुलतंय. दोन-चार तारा आवळल्या, दोन-चार ढिल्या केल्या, पुन्हा फिरवलं. आता खडू कुठंच घासंना. टायर बी त्यानं एका जागी अंगठ्यानं दाबून बघितला, टणक लागला. "झालं, एकदम गोल हाय. जा खुशाल," म्हणला. मी हवेत फिरताना ते चाक डोळ्यांनी बघितलं, खरंच गोल होतं. काय खोट काढावी?

रानात आणून जोडलं, आन् पुन्हा तेच. तवा माझा धीर सुटला. चाक गोल हाय, पास धारेची हाय, मग राहिलं काय? माझाच हात. मला वाटलं, आता आपल्याच्यानं होत न्हाई, वय झालं, मालक म्हणतेत तेच खरं. त्या जिन्याखालच्या खोलीची भिंत माझ्या डोळ्यापुढं आली.

तेवढ्यात महारुद्र बांधावर येऊन उभा राहिला. बैलं सोडून आला असंल, कासरा खांद्यावर तसाच. माझी तूट बघत होता. म्हणला, "काय वैनी, कपाशीची छाटणी चाललीय का?"

"चाक नीट न्हाई," मी म्हणलं.

"सटवाजीनं नीट केलं ना? मला सांगत होता." आन् हसून म्हणला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आता गं बया! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणलं, "भावजी, उचलली जीभ लावली टाळ्याला! तुमाला माझं रान पाहिजे, म्हणून तुमी रोज बांधावर येऊन गिधाडावानी बसताव! आई-बापानं हेच शिकवलं का?" आणखी बी लय बोलले. ते सगळं हितं सांगत न्हाई, बरं दिसत न्हाई. तो लाल झाला. पण पळाला न्हाई. चप्पल बांधावर काढली, सरळ तासात उतरला आन् माझ्या हातातून कोळपं घेतलं.

"द्या हिकडं. नुसतं बोलून काय? हात कसा धरायचा ते बघा."

आन् गेला की चालवत! मी मागून. खरं सांगते, मी मनात देवाला हात जोडले, म्हणलं, देवा, ह्याच्या हातून बी तुटू दे. आपलंच झाड, आपलाच कापूस, तरी मी तुटू दे म्हणायलेय, बघा माणसाचं मन! आन् तुटलं. कचकन. पुढं गेला, आणखी एक तुटलं. मी टाळ्या पिटल्या. "बघा, बघा कसा धरायचा हात! वा रे कारभारी!"

मला वाटलं आता तो भांडतोय. पण तो उभाच राहिला. कोळपं तिथंच सोडलं, मागं वळला, आन् नुसता त्या तासाकडं बघत राहिला. मग हळूहळू मागं चालत आला, वाकून, जमिनीकडं बघत. मी बोलायलेय आन् हा ऐकत न्हाई.

"वैनी," तो म्हणला, "हितं गवत राहिलं. त्याच्या पुढं खड्डा. आता तिथं बघा, तिथं बी गवत, पुढं खड्डा. आन् पुढं पुन्हा."

"मग? हेच तर बोंबलतेय मी."

"अंतर बघा ना पण."

त्यानं खांद्यावरचा कासरा काढला. एका राहिलेल्या गवतापासून दुसऱ्या गवतापर्यंत तो जमिनीवर टाकला, आन् तेवढ्या लांबीला चिमटीत धरला. तसाच धरून कोळप्याकडं गेला आन् तो कासरा चाकाच्या भोवती गुंडाळला. दोन्ही टोकं बरोब्बर एकमेकाला येऊन भिडली.

मी बघतच राहिले. मी त्या टोकांवर बोट ठेवून बघितलं.

"चाक एकदा फिरलं की एकदा गवत राहतंय आन् एकदा खड्डा पडतोय," महारुद्र म्हणला. "हात चुकला असता तर कुठं बी चुकला असता, असा मापात चुकला नसता. ही चूक तुमच्या हाताची न्हाई वैनी. माझ्या बी न्हाई. ही चाकाची हाय."

मी म्हणलं, "आवो पण सटवाजीनं माझ्यादेखत फिरवून बघितलं. गोल हाय म्हणला."

त्यानं कोळपं उलटं केलं, चाक फिरवलं, बोट जवळ धरलं. रिम सरळ. टायर बी सरळ. तो डोकं खाजवायला लागला. मग त्यानं काय केलं, बैलाच्या मानेला जू लागून सूज आली की कशी बोटांनी चाचपून बघतेत, तसा तो टायर अंगठ्यानं दाबत चालला, इंच-इंच. टणक, टणक, टणक. एका जागी तर दगडच. आन् त्याच्या लगेच पुढं अंगठा भसकन आत गेला.

"आत काय हाय हो?" त्यानं विचारलं.

आता सांगायचं कसं? मी पदर नीट केला. "लुगडं."

"आं?"

"माझं हिरवं लुगडं! पंक्चर होऊ नये म्हणून भरलंय!"

हसला हो तो! बांधावर जाऊन बसला आन् पोट धरून हसला. दुसरी वेळ असती तर मी ढेकूळ फेकून मारलं असतं. पण त्याचं हसू बघून मला बी हसू आलं. मघाशी मी त्याच्या आई-बापावर गेले होते, आन् आता दोघं बी डोळे पुसायलोत.

टायर खोलला. आत चिखलाचं पाणी जाऊन चिंध्या भिजल्या होत्या, कुजल्या होत्या, आन् फिरून फिरून सगळ्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या. गोळ्याच्या पुढं नुसती पोकळी. हवेत टांगून फिरवलं की टायर आपला गोल दिसणार. जमिनीवर माणसानं वरून दाब दिला की पोकळ जागा बसणार, पास खाली जाणार. गोळा खाली आला की चाक उचलणार, पास वर, गवत तसंच. सटवाजी तरी काय करंल, त्यानं चाक हवेतच बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतेत, ते माझंच झालं होतं, आन् गाव मला हुशार म्हणत होतं.

"चला," महारुद्र म्हणला, "आत्ताच करून आणू. वाफसा जाईल."

त्याच्या मोटारसायकलवर मागं मी बसले, गळ्यात चाक अडकवून. अख्ख्या गावानं बघितलं. जाऊबाई रेणुका दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. हस बाई, म्हणलं, तुझा नवरा आज सोन्याचा झालाय.

सटवाजीला चिंध्या दाखवल्या तर त्यानं कपाळावर हात मारला. त्यानं नवी ट्यूब काढली. काट्यासाठी जुन्या टायरची लांब पट्टी कापली, ट्यूब आन् टायरच्या मधी सगळ्या गोलाईत फिरवली. पट्टीची दोन टोकं जिथं एकमेकावर येतात तिथं महारुद्रनं बोट ठेवलं, "हितं पुन्हा उंचवटा व्हईल." सटवाजी म्हणला, "थांब की मर्दा," आन् दोन्ही टोकं पटाशीनं तासून तिरपी, पातळ केली, मग ती एकावर एक बसवली तरी हाताला लागंना. टायरच्या कडेला एक बारीक रेघ असती, ती रिमपासून सगळीकडं सारखी दिसली पाहिजे म्हणं. एका बाजूला ती आत दबली होती. थोडी हवा भरून, टायर हातानं ओढून ओढून त्यानं ती वर आणली, मग पूर्ण हवा भरली. महारुद्रचं तेवढ्यानं समाधान झालं न्हाई. त्यानं चाक रस्त्यावर उभं करून सगळा भार टाकून ढकलत नेलं, वाकून बघत. येणारे-जाणारे थांबून बघायले, हा पैलवान चाकाशी कुस्ती खेळायलाय का काय म्हणून.

मग रान. मी दांड्या धरल्या. आई गं! लोण्यात सुरी फिरावी तशी पास चालली. तास संपला, मी मागं वळून बघितलं, एक झाड पडलं न्हाई, एक गवत उभं न्हाई. मी दांड्यांवरच्या हातांकडं बघितलं. हे हात माझेच होते, आन् चांगले होते.

महारुद्र बांधावर चप्पल घालत होता. मला राहवलं न्हाई. मी म्हणलं, "भावजी, एक विचारते. तुमी गप बसला असताव तर मला काही कळलं नसतं. मी हात टेकलेच होते. पोळ्याला रान तुमचं होतं."

त्यानं दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणला, "होतं की. मला पाहिजे बी होतं. अजून बी पाहिजे, खोटं कामून बोलू? पण चाकाची चूक दिसल्यावर ती तुमच्या नावावर राहू द्यायची, ही बेइमानी झाली वैनी. तसलं रान मला पिकलं नसतं." आन् गेला बैलांकडं.

मी तिथंच उभी. आभार मानायची सवय न्हाई हो आमाला. दिराला काय म्हणायचं असतंय, ते कुणी शिकवलंच न्हाई. मी त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघून नुसते हात जोडले. त्याला दिसलं न्हाई.

पोळ्याला मालक आले. आल्या-आल्या पाय न धुता रानात. कापूस छातीला लागला होता, पण माझ्या तुटीच्या तासांत मधी-मधी मागून टोचलेली झाडं बुटकी दिसत होती, दात पडल्यावानी. मालक नेमके तिथंच थांबले. "बायना, हे काय? ही एवढी तूट?" मी, जिची जीभ गावात कुणी आवरू शकत न्हाई ती मी, गप. कारण दिसत होतं ते खरं होतं. मालकानं सुस्कारा टाकला. महारुद्र मागंच होता, त्याला म्हणले, "मग महारुद्र, आज बटईचं बोलून टाकू. हिचा हट्ट पुरे झाला आता."

मी मनात बोचकं बांधायला घेतलं.

महारुद्र म्हणला, "दादा, जरा हिकडं ये." त्यानं मालकाला हाताला धरून तासात नेलं. "बुटक्या झाडांच्या मधलं अंतर बघ. सगळं एका मापात हाय. ही तूट चाकानं केली, वैनीनं न्हाई." मग थांबला. मोठ्या भावापुढं मान खाली घालून बोलणारा माणूस हो तो, औताच्या हाताची त्याला लय घमेंड. तरी म्हणला, "मी बी चालवून बघितलं, हात कसा धरायचा ते दाखवायला म्हणून. माझ्या हातून बी तुटली. ही दोन झाडं माझी हायत. आता हितून पुढं बघ, हितून चाक बदललं."

मालक पुढं चालत गेले. पार रानाच्या टोकापर्यंत गेले. एक खाडा न्हाई. परत आले तवा म्हणले, "मग बटई?"

"मला नगं," महारुद्र म्हणला. "माझ्याच्यानं ह्याच्यापेक्षा नीट होणार न्हाई."

मालक माझ्याकडं बघून म्हणले, "राहा बाई हितंच. मीच येत जाईन." आन् मी रडले. भर रानात, दोघांपुढं, ढसाढसा.

त्या दिवशी महारुद्रची बैलं मिरवून आली, मी त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. मग घरात पंगत बसली. मी पहिली पोळी महारुद्रच्या ताटात वाढली. जाऊबाई बघायला लागली. मालक म्हणले, "अगं, मी बी हाय म्हणलं घरात."

"तुमाला बी वाढते, बसा. आधी त्यांना." मी पोळीवर तूप सोडलं आन् जे रानात बोलता आलं न्हाई ते तिथं सगळ्यांपुढं बोलले. "भावजी, माझ्या चुलीत जाळ हाय तो तुमच्यामुळं. मी तुमाला गिधाड म्हणलं. तुमी मला माझं घर दिलं. हे मी मरेपर्यंत इसरणार न्हाई."

महारुद्र ताटात बघत राहिला. मग हळूच म्हणला, "वैनी, तूप बास." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, आन् मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.